दांडा कुणी उचलला

किल्ला वस्ती, वरंगळ
९ ऑगस्ट १९८८

सारय्या,

अक्षर ओळखलं असशील. फाडायचं तर फाड, पण आधी पहिलं पान वाच.

इकडे सगळं ठीक. तुझी वदिना लच्चव्वा गुडघ्यांनी बेजार आहे, पण तोंड अजून शाबूत. पोरगी स्वरूपा एकोणीस वर्षांची झाली, हनमकोंड्याला कॉलेजात जाते. तू गेलास तेव्हा आठ वर्षांची होती. तूच तिला पोहायला शिकवलं होतंस, आता वस्तीतल्या पोरांना मागे टाकते. तुझा नवा पत्ता तिकडे येणाऱ्या-जाणाऱ्या यादगिरीकडून मिळाला. तो म्हणाला, तू गोदावरीखनीला खाणीत दुसऱ्या पाळीला असतोस आणि कुणाशी फारसं बोलत नाहीस. तू पूर्वी किती बोलायचास!

यंदा पाऊस बरा आहे. भद्रकालीचा तलाव काठोकाठ भरला, आपला गोल्लचेरुवू तलावही भरत आलाय. भर पावसात परगावचे पाहुणे कमानी बघायला येतात, छत्री धरून फोटो काढतात आणि मला विचारतात, "इथं बघण्यासारखं आणखी काय आहे?" मी त्यांना स्वयंभू देवळाकडे पाठवतो. तलावाकडे कुणाला पाठवत नाही.

चार दिवस येऊन जावंस असं वाटलं. काम काही नाही. सहजच.

तुझा अन्ना,
कोमरय्या


१५ ऑगस्ट

सारय्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात 'सहजच' लिहिलं, ते सहजच नव्हतं.

तलाव सांडव्यापर्यंत आलाय आणि सांडवा वाहत नाही. तीन वर्षांपूर्वी एका गिरणीवाल्यानं सांडव्याच्या ओढ्यात भिंत घालून गोदाम उभं केलं. नीरडी म्हणून पाण्याची जबाबदारी माझी, ओरडायला मीच हवा होतो. ओरडलो नाही. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायची धाकटी मोरी उघडी ठेवलीय, पण तिच्यातून जेवढं जातं त्याच्या दुप्पट वरच्या ओढ्यांतून येतं.

चिंचेखाली पाळीला पाझर फुटलाय. परवा बोटाएवढा होता, आज मनगटाएवढा झाला. पाणी गढूळ येतंय. स्वच्छ आलं असतं तर मी निवांत झोपलो असतो. गढूळ म्हणजे पाळ आतून खाल्ली जातेय, हे बापूनं आपल्याला दुधाच्या दातांच्या वयात शिकवलं होतं. आणि पाळीखाली साळ्यांची साठ घरं आहेत.

काल सरकारी इंजिनियर आला होता. तरुण आहे, विजयवाड्याकडचा. त्यानं विचारलं, "मोठी मोरी बंद का?"

"अकरा वर्षं बंद आहे, साहेब."

"का?"

म्हातारा वीरेशम साळी म्हणाला, "तिथं ह्यांचे बापू गेले, साहेब. मोरीच्या तोंडातला दट्ट्या साफ करायला खाली उतरले होते. धाकट्या पोरानं दारूच्या तारेत वेळेआधी दट्ट्याचा दांडा उचलला."

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "वाईट झालं. पण दांडा हलतो का?"

आठ माणसं होडीतून मोरीच्या खांबांवर चढली. दांड्याला दोर बांधून ओढलं. दोर तुटला, दांडा तसूभर हलला नाही.

साहेब म्हणाला, "पावसानं आता उसंत दिलीय. पुढचा जोर येईपर्यंत मोरी उघडली नाही, तर उत्तरेकडून पाळ फोडावी लागेल. दुसरा मार्ग नाही."

उत्तरेकडे म्हणजे सरळ साळवाडीत. वीरेशमनं आपलं डोकं पुढे केलं. "फोडा ना, साहेब. पाळीआधी हे फोडा, म्हणजे माग वाहून जाताना बघायला नको."

तेवढ्यात स्वरूपा म्हणाली, "मी उतरते."

तिला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तोंड बंद ठेव."

"मग तुम्ही उतरा, नान्ना. नीरडी तुम्ही आहात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाझर बघायच्या निमित्तानं चिंचेकडे निघून आलो.

सारय्या, त्या मोरीत हात कुठं घालायचा आणि पाय कुठं टेकायचा, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. आणि श्वास तुझा मोठा. ये.

कोमरय्या


१९ ऑगस्ट

सारय्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. एकच ओळ: "त्या दिवशी काय झालं ते लिही, मग बघू."

तुला ठाऊक आहे की काय झालं. तरी माझ्या हातून हवंय. बरं.

दसऱ्याचा आदला दिवस होता. पिकं पोटऱ्यात होती, खालच्या शेतांना पाणी हवं होतं आणि दट्ट्यात काहीतरी अडकलं होतं. बापू खाली गेला. तू खांबावर, दांड्यापाशी. मी दुसऱ्या खांबावर, बापूच्या कमरेची दोरी धरून. एक झटका म्हणजे थांबा. दोन झटके म्हणजे मी बाजूला झालो, उचला. लहानपणापासूनचा नेम.

तू ताडी प्यायला होतास हे खरं आहे. सणाचा दिवस, सगळेच प्यायले होते. मीही प्यायलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी देशमुखांनी मला वाड्यावर बोलावलं होतं. बापू म्हातारा झाला, यंदा नीरडीचा फेटा कोमरय्याला बांधू, असा निरोप होता. तुला हे माहीत नव्हतं. बापूलाही नव्हतं. मी उन्हाकडे बघत होतो, ऊन डोक्यावर आलं होतं आणि बापूचं खाली संपत नव्हतं. देशमुखांचा माणूस पाळीवरून हाका मारत होता, "कोमरय्या, येतोस की दुसऱ्या कुणाला बोलावू?"

दोरीला झटका आला. एक.

मी दुसऱ्याची वाट बघितली. किती वाट बघितली ते सांगता येत नाही. कदाचित बघितलीच नाही. मी म्हणालो, "उचल."

तू विचारलंस, "दोन आले?"

मी म्हणालो, "आले म्हणतो ना, उचल!"

तू उचललंस.

पुढचं लिहीत नाही. त्याचा हात खांद्यापर्यंत आत ओढला गेला होता, आणि तो बाहेर निघेपर्यंत सूर्य कलला. ते आपण दोघांनी केलं.

अव्वा पाळीवर आली तेव्हा तिनं आपल्या दोघा पोटच्या पोरांना विचारलं, "दांडा कुणी उचलला?" मी म्हणालो, "सारय्यानं."

ते खोटं नव्हतं. दांडा तूच उचललास. मी फक्त त्याच्या पुढचं वाक्य बोललो नाही. तू बोललास. तू ओरडून सांगितलंस की अन्नानं सांगितलं म्हणून उचलला, पण तुझ्या तोंडाला ताडीचा वास होता आणि मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना माझी मान खरी वाटली. बापूला मातीला नेताना अग्नीचं मडकं तुझ्या हातात दिलं नाही. अव्वा म्हणाली, "ह्याचं तोंड मला दाखवू नका." तू त्याच आठवड्यात गेलास, आणि फेटा मला बांधला गेला.

आता एवढं लिहिलंच आहे तर आणखी एक. अव्वा गेली तेव्हा तार उशिरा पोचली असं मी कळवलं होतं. तार उशिरा पोचली नाही, मी उशिरा केली. शेवटच्या दोन दिवसांत ती तुझं नाव घेत होती. तू आला असतास, तिच्यासमोर बसला असतास, तिनं पुन्हा विचारलं असतं. मला ते नको होतं.

हैदराबादहून दोन पाणबुडे आले होते. खाली जाऊन आले. म्हणाले, तळाची चौकट अरुंद आहे, पाठीवरचं टाकं घेऊन माणूस शिरत नाही. मग हजार खांबांचं देऊळ बघून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

लिहिलं मी. आता ये.

कोमरय्या


२३ ऑगस्ट

सारय्या,

दुसरं कार्ड मिळालं. "मला हे ठाऊकच होतं. लोकांना सांग, मग येतो."

सांगितलं.

काल संध्याकाळी स्वयंभू देवळासमोर सगळे जमले होते तेव्हा सांगितलं. वीरेशम होता, पंचायतीचे तिघे होते, लच्चव्वा होती. सगळं सांगितलं. वीरेशमच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, "सारय्याला बोलवा, त्याचे पाय धरू."

तेव्हा आता उशीर करू नकोस. काल दुपारपासून पाऊस पुन्हा सुरू झालाय आणि थांबायचं चिन्ह नाही. पाझराला वाळूच्या गोण्यांचा चौकोन केलाय, त्याच्या वरून पाणी यायला लागलंय.

कोमरय्या


२४ ऑगस्ट, सकाळी

सारय्या,

कालचं पत्र खोटं आहे.

मी कुणाला सांगितलेलं नाही. देवळासमोर लोक जमले होते एवढंच खरं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "गोण्या आणखी शंभर लागतील." वीरेशमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट तो माझ्यावर खेकसला की गोण्या मी काय घरी विणतो का.

हे तुला का कळवतोय? स्वरूपा घरात नाही म्हणून.

तिच्या अंथरुणावर चिठ्ठी होती. एकोणीस तारखेचं पत्र टाकायला मी तिच्याकडे दिलं होतं. तिनं उघडून वाचलं, मग चिकटवून टाकलं. चार दिवस माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि काही बोलली नाही. चिठ्ठीत लिहिलंय, "सारय्या बाबायला आणायला जाते. दोन दिवसांत आलो नाही तर मी एकटी उतरेन. दोरी तुमच्या हातात देणार नाही, नान्ना."

चिठ्ठी लच्चव्वाला मिळाली. तिला वाचता येत नाही. तिनं माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "वाचा." मी वाचली. दोरीचं वाक्य गाळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढंच लिहिलंय? चार ओळी दिसतात, तुम्ही तीन वाचल्यात."

हे पत्र पोचायच्या आधी पोरगी तुझ्याकडे पोचलेली असेल. तिला परत पाठवू नकोस, किंवा पाठवायची तर तिच्याबरोबर तूही ये. तिला पाण्यात उतरू देऊ नकोस. मोरीचा तळ आता कसा आहे ते तिला ठाऊक नाही. तुलाही नाही. दर उन्हाळ्यात तलाव आटला की दट्ट्या काढून तेल पाजायचं, गाळ उपसायचा, हा बापूचा नेम. मी अकरा उन्हाळे तिकडे गेलो, दांड्याला हळदकुंकू लावलं आणि परत आलो. लोकांना ती बापाची भक्ती वाटली. मला खाली बघवत नव्हतं, एवढंच.

मी गेल्या अकरा वर्षांत छातीच्या वर पाण्यात गेलेलो नाही. नीरडी आहे मी.

पाऊस चालू आहे.

कोमरय्या


२ सप्टेंबर

सारय्या,

तू वर होतास. खाली काय झालं ते तुला माहीत नाही, आणि तू गेल्यावर काय झालं तेही. दोन्ही लिहितो.

सव्वीस तारखेला दुपारी तू स्वरूपाबरोबर पाळीवर आलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. तू खोकलास तेव्हा ओळखलं, कारण तू माझ्याकडे बघून खोकत होतास आणि नजर हटवत नव्हतास. कोळशानं तुझी छाती खाल्लीय हे यादगिरीनं मला सांगितलं नव्हतं. स्वरूपा कमरेला दोरी बांधायला लागली. तू तिच्या हातातून दोरी काढून घेतलीस.

"पोरगी उतरणार नाही," तू म्हणालास. "माझा श्वास आता वीस आकड्यांपर्यंत पुरत नाही. अन्ना, तू उतर. दोरी मी धरतो."

लच्चव्वानं ते ऐकलं आणि ती मध्ये आली. "हा धरणार दोरी? एकाला मारून पोट भरलं नाही?"

तू दोरी हातात घेऊन उभा राहिलास. तेव्हा मी बोललो. बोलायचं धैर्य आलं म्हणून नव्हे. खाली जायचं होतं, दोरी तुझ्या हातात होती, आणि माझ्या खोट्याचं ओझं कमरेला बांधून उतरायची मला भीती वाटली. मी म्हणालो, "लच्चव्वा, त्या दिवशी एकच झटका आला होता. उचल असं मी सांगितलं. ह्यानं दोन आले का, असं विचारलं होतं."

अकरा वर्षं ज्या वाक्याला घाबरलो, ते ऐकायला पाळीवर कुणाला वेळ नव्हता. इंजिनियर म्हणाला, "हे नंतर बोला, पाणी चढतंय." गोण्या वाहणाऱ्या दोघांना ऐकूच गेलं नाही. वीरेशमनं ऐकलं. तो माझ्या पायापाशी थुंकला आणि म्हणाला, "आत्ता सांगतोस होय? उतर आधी." लच्चव्वा खाली चिखलात बसली. तेवढंच झालं.

आता खालचं.

पहिल्या बुडीत मला काही सापडलं नाही. डोळे उघडे ठेवूनही अंधार, आणि कानांत ढोल. दुसऱ्या बुडीत चौकट सापडली. एक ताडाचा ओंडका तिरका अडकला होता, त्याच्यावर पोती, मुळं, गाळ. ओंडका सोडवायला उजवा हात दट्ट्याच्या खाली घालावा लागत होता. बापूचा हात होता नेमका तिथंच. मी हात मागे घेतला आणि वर आलो. तू खांबावरून विचारलंस, "काय?" मी म्हणालो, "काही नाही." तू म्हणालास, "काही नाही म्हणजे काय, ते सांग." तेव्हा मी सांगितलं की हात घालवत नाही. तू म्हणालास, "वेळ घे. मी आहे." असं आपल्यात कुणी कुणाला कधी म्हणालं नव्हतं. पण तुझा चेहरा दगडासारखा होता, आणि मला कळेना की हा मला धीर देतोय की मरायला खाली पाठवतोय. खरं सांगतो, मरायलाच पाठवतोयस असं वाटलं.

तिसऱ्या बुडीत हात घातला. ओंडका हलला, मग सुटला आणि माझ्या गुडघ्यावर आपटून वर गेला. दट्ट्या मोकळा झाला. मी चौकटीतून मागे सरकलो, दुसऱ्या खांबाला पाठ लावली आणि दोरीला दोन झटके दिले.

दांडा हलला नाही.

पुन्हा दोन दिले. स्पष्ट, जोरात. दांडा हलला नाही. दोरी ताठ होती, म्हणजे तू धरलेली होतीस, तुला कळत होतं. मी मनात म्हणालो, हा उचलणार नाही. मी कंटाळून पुन्हा दट्ट्यापाशी जाईन, खाली हात घालीन, आणि तेव्हा हा उचलेल. मला राग आला नाही. बरोबर आहे, असंच वाटलं. पण छाती फुटायला लागली आणि पाय आपोआप वर मारले गेले.

डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा तू खांबावरून वाकून पाण्यात बघत होतास. मी ओरडलो, "दोन दिले! चार दिले!"

"मोजले," तू म्हणालास. "झटक्यांवर मी आता दांडा उचलत नाही. तुझे दोन्ही हात पाण्याबाहेर दाखव."

मी दाखवले. तू दोनदा मोजल्यासारखं बघितलंस. मग मागे वळून दांड्यापाशीच्या आठ माणसांना म्हणालास, "उचला."

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. मोरीनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि पाळीपलीकडच्या पाटात पाणी माणूसभर उंच उडालं. साळ्यांच्या बायका आधी किंचाळल्या, मग त्यांना कळलं की हे पाणी पाटातून जातंय, घरांकडे येत नाही. अंधार पडेपर्यंत तलाव हातभर उतरला. उत्तरेची पाळ फोडली नाही. वीरेशमच्या मागाच्या खोलीची मागची भिंत तेवढी पडली.

तू आमच्या घरी आला नाहीस. वीरेशमकडे जेवलास, तिथंच निजलास. सकाळी अव्वाच्या मातीपाशी जाऊन आलास, हे मला गुराख्यानं सांगितलं. मी बसस्थानकावर आलो तेव्हा बस सुरू झाली होती. मी खिडकीला धरून म्हणालो, "परत ये." तू म्हणालास, "येईन असं म्हणत नाही. पत्र टाक. पण झालं असेल तेवढंच लिही, अन्ना."

तर झालं ते असं. परवा पंचायत बसली. ह्या वेळी सगळ्यांना वेळ होता. मला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं, आणि मग देशमुखांच्या निरोपाचं, फेट्याचं, तारेचंही. अर्ध्यावर मी अडलो, तेव्हा स्वरूपानं पुढचं सांगितलं. तिनं काही कमी केलं नाही. नीरडीचं काम माझ्याकडून काढलं. कुणाला द्यायचं ते ठरलं नाही. स्वरूपा म्हणाली मी करते, पंचायतीतले दोघं हसले, वीरेशम हसला नाही. दसऱ्यानंतर ठरेल. तुझा दोष नव्हता असा पंचायतीनं ठराव लिहिलाय, त्याची नक्कल सोबत जोडलीय. मी वाचून बघितली, त्यात माझं नाव आहे आणि बरोबर लिहिलंय.

लच्चव्वा सात दिवस माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते आणि उठून जाते. काल पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही स्वरूपाकडे बघून. म्हणाली, "तुझ्या बाबायच्या खोकल्याला अडुळसा पाठवायचाय. कोणाच्या हाती पाठवायचा, विचार त्यांना." यादगिरी गुरुवारी निघतोय, त्याच्या हाती पाठवतो.

माझा गुडघा सुजलाय. चिंचेखालचा पाझर अजून आहे, करंगळीएवढा. काल सकाळी भांड्यात धरून उजेडात बघितला. पाणी स्वच्छ येतंय.

कोमरय्या